कुठलं इंजिन घेऊ, अण्णा?

निपाणीत मी साडेतीन वर्षं राहिले ती अण्णांच्या माडीवर. खाली अण्णा, त्यांचा मुलगा आणि सून. वर मी, एक खाट, एक टेबल आणि माझा लॅपटॉप. मी मूळची बेळगावजवळच्या सांबऱ्याची. बी.सी.ए. झाल्यावर निपाणीच्या एका शाळेत मुलांना संगणक शिकवायची नोकरी लागली आणि कुणीतरी अण्णांच्या खोलीचा पत्ता दिला. खोली दाखवताना अण्णांनी दोनच अटी सांगितल्या.

"खोलीत अंडं शिजवायचं न्हाय. आणि जिन्यातनं उतरताना खाली बघून उतरायचं."

मला वाटलं, एखादी पायरी फुटली असेल. उतरताना पाहिलं तर तिसऱ्या पायरीवरून मुंग्यांची रांग चालली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना अण्णांनी खडूने रेघा मारून ठेवल्या होत्या. रेघा मुंग्यांसाठी नव्हत्या, आमच्यासाठी होत्या. पाय कुठे ठेवायचा नाही ते कळावं म्हणून.

अण्णा ऑइल इंजिनचे मिस्त्री. विहिरीवर किंवा नदीकाठावर पाणी उपसायला डिझेलची इंजिनं असतात, ती दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. घरामागे पत्र्याचं शेड होतं, तिथे त्यांचं काम चालायचं. विजेच्या मोटारी आल्या तशी बहुतेक इंजिनं भंगारात गेली. पण लाइटचा भरवसा नाही म्हणून काही शेतकऱ्यांनी आपली इंजिनं ठेवली होती, आणि ती बिघडली की अक्कोळपासून चिकोडीपर्यंतची माणसं अण्णांकडेच यायची. सत्तरी ओलांडलेली, काटक अंगाची, पांढरा पायजमा आणि वर बंडी. बाकीचे लोक खिशाला पेन लावतात तसा अण्णांच्या खिशात एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर असायचा. त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. डॉक्टर छाती तपासतात तसंच. मग म्हणायचे, "दुसरी रिंग गेलीया," आणि खोललं की दुसरीच रिंग गेलेली असायची.

हा स्क्रू ड्रायव्हर ते कशालाही लावत. गच्चीवरच्या पाण्याच्या मोटारीला, सुनेच्या मिक्सरला, एकदा तर शेजारच्या घरी आलेल्या पाहुण्यांच्या नव्या गाडीला. पाहुणे आत चहा पीत होते. बाहेर येऊन पाहतात तर एक म्हातारा बॉनेटवर ओणवा होऊन डोळे मिटून उभा. "पट्टा ढिला हाय," अण्णांनी त्यांना सांगितलं आणि घरी निघून आले. पाहुणे लई रागावले. संकेश्वरच्या अलीकडे पट्टा तुटला म्हणे.

माणसांशी ते मराठीत बोलत, पण इंजिनाशी कन्नडमध्ये. चालू करायचं हँडल मारताना "बा, बा, बारो मगा," म्हणजे ये रं लेकरा, असं चुचकारायचे. मी एकदा विचारलं, "अण्णा, मराठीत का नाही?"

"मराठीत बोललं की ते उलट बोलतंय," अण्णा म्हणाले. हसले नाहीत. कधी थट्टा करताहेत आणि कधी नाही, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

घर जैनांचं, आणि अण्णा त्यात अधिक काटेकोर. दिवस मावळायच्या आत जेवण. पाणी गाळून, उकळून. पावसाळ्यात संध्याकाळी दिव्याखाली पाखरं जमली की ते मोपेडवरून उतरत आणि ती ढकलत चालत येत. शिवी त्यांच्या तोंडात नव्हती. अगदी राग अनावर झाला तर एखाद्याला "अर्धवट" म्हणायचे, आणि म्हटल्यावर त्यांनाच वाईट वाटायचं.

हा शब्द मला फार लागायचा, कारण मी तशीच होते. टायपिंगची परीक्षा मी फॉर्म भरूनही दिली नव्हती. कन्नडचा क्लास तिसऱ्या आठवड्यात सोडला होता. गेम बनवायचं वेड कॉलेजपासून होतं आणि लॅपटॉपवर चार गेम सुरू करून ठेवलेले होते. त्यातला एकही कुणाला खेळायला देण्याजोगा नव्हता. घरी बाबा काही बोलत नसत. उद्यमबागेतल्या कारखान्यातून दमून यायचे आणि विचारायचे, "शाळा बरी चाललीय न्हवं?" त्यांना शाळेच्या पलीकडचं काही सांगावं असं माझ्याजवळ नव्हतं.

अशात बेळगावातल्या एका लहान कंपनीची जाहिरात माझ्या पाहण्यात आली. मोबाइलवरचे गेम बनवणारी कंपनी. नवशिक्यांना घेऊ, शिकवू, असं लिहिलं होतं. अट एकच: अर्जासोबत स्वतः केलेला एक गेम पाठवा. साधा नेमबाजीचा असला तरी चालेल, पण पूर्ण पाहिजे. सुरू झाला पाहिजे, खेळता आला पाहिजे आणि संपला पाहिजे. मुदत अडीच महिने.

त्यातले पाच आठवडे मी इंजिन निवडण्यात घालवले.

गेम बनवायच्या सॉफ्टवेअरलाही इंजिनच म्हणतात. चित्र हलवणं, दोन वस्तू धडकल्या की ओळखणं, आवाज काढणं, ही सगळी रोजची हमाली ते करतं. आपण फक्त काय केव्हा व्हायचं ते सांगायचं. अशी इंजिनं पुष्कळ आहेत आणि त्यातलं नवशिक्यानं कुठलं घ्यावं यावर इंटरनेटवर रोज भांडणं चालतात. मी ती सगळी पाहिली. एक वही केली, तिच्यात रकाने आखले. एक जण म्हणायचा, हेच घे, मोठमोठ्या कंपन्या हेच वापरतात. दुसरा म्हणायचा, ते घेतलंस तर मेलीस. मी एक उतरवून घ्यायची, दोन दिवसांनी काढून टाकायची, दुसरं घालायची. वहीची चाळीस पानं भरली. गेमची एक ओळ लिहून झाली नव्हती.

एका रविवारी सकाळी मी त्यातलं सगळ्यांत मोठं इंजिन लॅपटॉपवर चढवत होते. त्यात केलेले गेम सिनेमासारखे दिसतात. लॅपटॉप जुना. त्याचा पंखा असा घुंई घुंई करायला लागला की खाली अंगणात अण्णांना ऐकू गेला. जिन्यावर पावलं वाजली.

"काय लावलंईस गं वर?"

"काही नाही अण्णा. इंजिन घालून बघत होते."

अण्णा दारात थबकले. "इंजिन? किती एचपीचं?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. ते आत आले, खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मी 'अण्णा, अण्णा' म्हणेपर्यंत त्याचं टोक लॅपटॉपच्या कडेला टेकवून मूठ कानाला लावली. डोळे मिटले. 

"धाप लागलीया याला," ते म्हणाले. "पेलंना त्येला. काय काम हाय तुझं?"

मी खाटेवर बसून सगळं सांगितलं. जाहिरात, इंजिनं, वही. वहीसुद्धा दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं पाहिली आणि मिटून परत दिली.

"माझ्याकडं इंजिन घ्यायचं म्हणून माणूस आला, की मी पहिलं इचारतो, हीर किती फूट? रान किती एकर? पाणी किती येळ टिकतंय? लोकं काय करत्यात, इंजिनच बघत बसत्यात. शेजाऱ्यानं धा एचपीचं घेतलं म्हणून ह्येनं धा एचपीचं. हिरीत पाणी अर्ध्या तासाचं. इंजिन कोरडं वढतंय, तापतंय, बसतंय." ते खुर्चीत टेकले. "तुझ्या गेमात काय काय व्हायला पायजे ते सांग. कमीत कमी."

मी विचार करत गेले आणि सांगत गेले. खाली एक चौकोन. तो डावी-उजवीकडे हलला पाहिजे. त्यातून एक ठिपका सुटला पाहिजे. ठिपका समोरच्या चौकोनाला लागला की तो चौकोन गेला पाहिजे.

"एवढंच?"

"कमीत कमी एवढंच."

"मग तीन इंजिनं काढ यातली. एवढंच काम तिन्हीला लाव. दोन-दोन दिवस दे. आणि हँडल तुझं तू मारून बघ. शेतात मिस्त्री रोज येत न्हाय."

जिन्यात अर्ध्यावर जाऊन ते परत वर आले. "गोळी सुटती म्हणालीस. कुणाला मारायचंय त्यात?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणाला नाही अण्णा. नेम धरायचा खेळ आहे."

"मग बरं," म्हणाले आणि उतरले. तेव्हा मला ते खोटं वाटलंसुद्धा नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला कशाला सगळं समजावून सांगा, इतकंच.

त्यांनी सांगितलं तसं मी केलं. शाळेतून साडेचारला आले की बसायची. पहिलं ते मोठं इंजिन. डोंगर आला, आकाश आलं, दगडावर सुंदर ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीसुद्धा माझ्या चौकोनातून ठिपका सुटला नव्हता, आणि लॅपटॉपवर पापड भाजता आला असता. दुसऱ्या इंजिनावर शिकवणारे हजारो व्हिडिओ होते, पण व्हिडिओतलं बटण माझ्याकडे त्या जागी नसायचं, कारण मधल्या काळात इंजिन बदललेलं. तरी दुसऱ्या संध्याकाळी ठिपका सुटला. तिसरं अगदी लहान, फुकटचं. फोनमधल्या एका सिनेमापेक्षा कमी जागा घेणारं. दोनदा टिचकी मारली तर लगेच उघडलं. खाली वहिनींच्या भाकऱ्या होऊन अण्णांचं ताट वाढायच्या आत माझा चौकोन हलत होता, ठिपका सुटत होता आणि समोरचा चौकोन जात होता. वहिनी म्हणजे अण्णांची सून.

मला आनंद व्हायला हवा होता. मी तोंड पाडून शेडमध्ये गेले.

"तिसऱ्यात झालं अण्णा. पण लोक म्हणतात, त्यात नोकरी मिळत नाही. कंपन्या दुसरं वापरतात."

अण्णा रॉकेलमध्ये नटबोल्ट धूत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कंपनीनं कागदात इंजिनचं नाव लिवलंय?"

"नाही."

"काय लिवलंय?"

"पूर्ण गेम."

"मग?"

मी पुढचा नट त्यांच्या हातात दिला.

"मोठं वाईट असं मी म्हणत न्हाय," अण्णा म्हणाले. "वेदगंगेचं पाणी टेकावर चढवायचं तर मी पण धा एचपीच सांगतो. तुझी आज हीर चौदा फुटांची. उद्या खोल गेलीस की मोठं शिकशील. तवा त्येचंबी हँडल मारशीलच की."

त्या संध्याकाळी मी बाकीची दोन्ही इंजिनं लॅपटॉपवरून काढून टाकली. वहीसुद्धा वहिनींना दिली. त्यांनी उरलेल्या पानांवर दुधाचा हिशेब मांडला.

त्यानंतरचे दोन आठवडे बरे गेले. मी चौकोनाचा शिपाई केला. समोरून शत्रू येऊ लागले. काळे कपडे, हातात बंदुका. गोळी लागली की शत्रू मागे कलंडायचा आणि तिथे एक लाल डाग उमटायचा. तो डाग मी दोन दिवस खपून केला होता आणि मला त्याचा अभिमान होता. अण्णा रोज जिन्याखालून विचारायचे, "चालू हाय न्हवं?" मी वरून ओरडायची, "चालू आहे!" दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वाटलं, एकदा खेळून कुणी पाहिलं पाहिजे. घरात दुसरं कोण होतं? अण्णांना वर बोलावलं.

त्यांच्या उजव्या हाताला कंप होता. स्क्रू ड्रायव्हर धरला की तो थांबायचा, पण माउस धरल्यावर थांबेना. पडद्यावरचं नेम धरायचं चिन्ह माशीसारखं थरथरत होतं. मी शेजारी उभी राहून सांगत होते, "हां, आता दाबा." तीन-चार गोळ्या हुकल्या. मग एक लागली. शत्रू कलंडला. लाल डाग पडला.

अण्णांनी बोट उचललं. "ह्यो पडला त्यो कोण?"

"शत्रू."

"कुणाचा?"

"गेममधला, अण्णा."

"त्यानं काय केलं हुतं?"

 पडद्यावर बाकीचे शत्रू पुढे येत होते. त्यांनी शिपायाला मारलं आणि गेम थांबला. अण्णांनी माउस टेबलावर अलगद ठेवला, हात पायजम्याला पुसला आणि खाली बघत, मुंग्या चुकवत, जिना उतरून गेले.

दोन दिवसांनी पर्युषण सुरू झालं. दहा दिवसांचं पर्व. अण्णा एक वेळ जेवायचे आणि दिवसभर बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, बसायचे. शेडला कुलूप. जाता-येता दिसायचे, पण बोलायचे नाहीत. 'खोली सोड' म्हणाले असते तर मी भांडले असते. ते काहीच म्हणाले नाहीत. जिन्याखालची ती रोजची हाक बंद झाली आणि मला काम सुचेना.

माझंही डोकं फिरलं होतं. जगातले सगळे गेम असेच तर असतात, यात माझं काय चुकलं, असं मनात म्हणत होते. पण मी त्यांना खोटं सांगितलं होतं, हेही तितकंच मनात होतं. शेवटी मीच एक तोड काढली. माणसं काढली आणि त्या जागी किडे घातले. मोठाले, सहा पायांचे, ओंगळ. वहिनी वाळवणाची पाटी घेऊन गच्चीवर चालल्या होत्या, त्यांना हाक मारून दाखवलं.

वहिनींनी पाहिलं आणि पाटी खाली ठेवून त्या हसतच सुटल्या. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. "अगं बाई! माणसं परवडली की! आमच्याकडं मुंगी मरू नये म्हणून आयुष्य गेलं म्हाताऱ्याचं, आणि तू किडे मारायला बसवणार व्हय त्यांना?"

मलाही हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी.

"काय करू मग वहिनी?"

"मला काय कळतंय त्यातलं? पण काय तरी घाण असंल की जगात उडवायसारखी. जीव नसल्याली."

शेडची चावी वहिनींकडे होती. मी मागून घेतली आणि उगाचच आत जाऊन बसले. बाकावर एक खोललेलं इंजिन तसंच पडलेलं. पिस्टनच्या डोक्यावर काजळीचे पापुद्रे धरलेले. शेजारी नोझल, डिझेलचा फवारा मारणारी ती बोटाएवढी तोटी. अण्णांनी मला कधीतरी दाखवलं होतं, फवारा धुक्यासारखा बारीक सुटला पाहिजे, थेंब पडायला लागले की काजळी धरते आणि इंजिन हळूहळू गुदमरतं.

वर येऊन मी काम सुरू केलं. शिपायाच्या जागी नोझल. वरून काजळीचे पापुद्रे उतरतात, नोझलमधून फवारे सुटतात, पापुद्रा फुटतो. सगळे खाली साचले तर इंजिन बंद. साफ झाले तर इंजिन धडधडायला लागतं. खऱ्या इंजिनात नोझल असं काजळी झाडत बसत नाही, हे मला ठाऊक होतं, पण गेमला तेवढं चालतं. शेवटच्या धडधडीसाठी वहिनींनी मला मागच्या गल्लीत नेलं आणि तिथे एका शेतकऱ्याच्या चालू इंजिनाचा आवाज मी फोनवर टिपून घेतला. माउस मी काढूनच टाकला. कंप असलेल्या माणसालाही खेळता यावा म्हणून फक्त दोन बाणांची बटणं आणि मधली लांब पट्टी ठेवली; फोनवर हीच तीन बटणं पडद्यावर दिसत. दुसऱ्या इंजिनात एवढी उलथापालथ करायला मला महिना लागला असता आणि मी नक्की सोडून दिलं असतं. त्या लहान इंजिनात आठवडाभरात झालं, कारण त्यातला प्रत्येक खिळा मला माहीत होता.

पर्व संपलं. त्यानंतरचा दिवस क्षमावाणीचा. वर्षभरात कळत-नकळत ज्याला दुखवलं असेल त्याची त्या दिवशी क्षमा मागतात. हे मला ऐकून माहीत होतं. लहान मोठ्यांकडे जातात असं मला वाटायचं. मी सकाळी अंघोळ करून खाली जायच्या तयारीत होते, आणि जिन्यावर पावलं वाजली. दहा दिवसांच्या एकवेळच्या जेवणानं अण्णा खालावले होते. दर दोन पायऱ्यांना थांबत होते. दारात आले, हात जोडले. उजवा हात थरथरत होता, डाव्यानं तो दाबून धरला होता.

"उत्तम क्षमा," ते म्हणाले. "माझ्याकडनं तुला दुःख झालं असंल तर क्षमा कर."

मी सव्वीस वर्षांची, त्यांची भाडेकरू.  पाया पडायला वाकले तर ते मागे सरले.

"तसं नगो. तू पण म्हण."

"उत्तम क्षमा, अण्णा. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. कुणाला मारायचं नाही म्हणून."

"ते मला त्या दिवशीच कळलं. पण तुझं खोटं एका वाक्याचं. मी बारा दिवस अबोला धरला. बस्तीत बसून रोज अहिंसा ऐकली आणि घरी येऊन तुझ्यासमोरनं तोंड फिरवून गेलो." त्यांनी जोडलेले हात सोडले. "बोलायचं सोडून गप बसणं, हे बी मारणंच की गं."

मग खुर्ची ओढून बसले. "चालू हाय न्हवं?"

"चालू आहे."

"दाव."

त्यांनी काजळी ओळखली. नोझल दिसल्यावर त्यांच्या मिशा हलल्या. दोन्ही हात बटणांवर ठेवून ते खेळायला लागले. पहिल्यांदा हरले. दुसऱ्यांदा हरले. तिसऱ्या खेपेला पापुद्रे फुटायला लागले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "बा, बा, बारो मगा." आणि अचानक ते थांबले. मान तिरकी करून कान लॅपटॉपजवळ नेला.

"काय झालं अण्णा?"

"हळू पडतंय. सुरवातीला टक-टक-टक हुतं, आता ट...क, ट...क. आत कुठंतरी काय तरी साचतंय."

मला काही ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, लॅपटॉप जुना आहे. त्यांनी मान हलवली. "जुनं इंजिन पहिल्यापासनंच हळू चालतंय. हे चालता चालता जड हुतंय. साचतंय बघ."

ते गेल्यावर मी शोधत बसले. दुपारी सापडलं. नोझलमधून सुटलेला फवारा पापुद्र्याला लागला तर नाहीसा होत होता. पण हुकलेला फवारा पडद्याच्या वर निघून जायचा, दिसायचा बंद व्हायचा, आणि आत मात्र जिवंतच राहायचा. हुकलेले शेकडो फवारे न दिसता वर वर जात राहायचे आणि इंजिन ते सगळे वाहत बसायचं. पडद्याबाहेर गेलेला फवारा पुसून टाक, एवढ्या दोन ओळी लिहायच्या राहिल्या होत्या. त्या लिहिल्या. संध्याकाळी अण्णांनी पुन्हा खेळून पाहिलं, जेवण व्हायच्या आधी. सातव्या प्रयत्नात सगळी काजळी साफ झाली, इंजिन धडधडलं आणि पडद्यावर 'समाप्त' अशी अक्षरं आली.

"आता?" अण्णांनी विचारलं.

"आता काही नाही. संपला."

"पुरा झाला म्हण की मग."

"पुरा झाला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. मुदतीला चार दिवस होते. मी त्याच संध्याकाळी पाठवून दिला.

कंपनीनं बोलावलं तेव्हा टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं, "किती लोकांनी खेळून तपासलाय?" मी म्हटलं, "एकाच माणसानं. वय त्र्याहत्तर." त्या हसल्या. म्हणाल्या, चित्रं साधारण आहेत, पण जुन्या फोनवरसुद्धा कुठं अडकत नाही. तीन महिने शिकाऊ म्हणून घेतलं, मग कायम केलं. बाबांना मी त्यांच्या फोनवर तो गेम घालून खेळायला दिला. ते म्हणाले, "आमच्या कारखान्यातला आवाज आला की गं शेवटी." दुसऱ्या दिवशी तो फोन कारखान्यात चार जणांना दाखवायला घेऊन गेले.

आता मी बेळगावात राहते. सुरुवातीला शिकाऊ असताना दोन महिने निपाणीहून बसनं जाऊन-येऊन केलं, मग जमेना. खोली सोडताना अण्णांनी काही उपदेश वगैरे केला नाही. ट्रंक उचलणाऱ्याला "खाली बघून उतर रं" एवढं म्हणाले. कामावर मी ते दुसरं इंजिन शिकले, आणि मागच्या वर्षी सगळ्यांत मोठंही शिकावं लागलं. अण्णा म्हणाले होते तसं, हँडल मारता मारता आलं. पण त्या पाच आठवड्यांनंतर त्या रविवारी ते वर आले नसते, तर मी अजून चाळीस पानं भरली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे. काही माणसांचं आपल्यावर फार ऋण असतं आणि त्यांना ते माहीतच नसतं.

यंदा आमच्या कंपनीचा पहिला मोठा गेम आला. अडीच वर्षं चाळीसएक लोक त्यावर राबले. शेवटी सगळ्यांची नावं पडद्यावर सरकतात, आणि प्रत्येकाला आपल्या वतीनं आभाराचं एक नाव घालायची मुभा होती. मी अण्णांचं पूर्ण नाव गावासकट दिलं. एका रविवारी लॅपटॉप घेऊन निपाणीला गेले.

शेड आता बंद असतं. अण्णांचे दोन्ही हात थरथरतात, स्क्रू ड्रायव्हर धरवत नाही. पुढच्या सोप्यात, पडवीत, खुर्चीवर बसले होते. मी त्यांना गेम दाखवला. त्यात जंगल आहे, नदी आहे, वारा आहे. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"लई मोठं झालं की. यात तुझं काय?"

"ती धूळ उडते ना, ती माझी. आणि पाण्यावरचे तरंग."

मग ते फक्त धूळच बघत राहिले. "धूळ चांगली हाय," म्हणाले.

मी नावं सुरू केली. इंग्रजी अक्षरं, बारीक; अण्णांना वाचता येईनात. वहिनी जवळ बसल्या आणि आधी खाली सरकवून अण्णांचंच नाव शोधायला लागल्या. अण्णांनी हातानं थांबवलं.

"पयल्यापासनं वाच."

वहिनी वाचत गेल्या. चित्रं काढणारे, आवाज देणारे, कार्यालयात चहा देणारे मामा, सगळ्यांची नावं. प्रत्येक नावाला अण्णा मान हलवत होते, लग्नात पाहुण्यांची ओळख करून दिल्यासारखी. मग आभाराची नावं सुरू झाली. कुणाची आई, कुणाचे गुरुजी. आणि अण्णांचं नाव आलं. वहिनींनी ते वाचलं, 'निपाणी' म्हणाल्या.  त्या सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत थांबल्या. मीही बघत होते.

अण्णांनी नेहमीसारखीच मान हलवली.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "खाली अजून लोकं हाईत न्हवं?"